बिनझाकणाचा डबा

मंदा, आधीच सांगते, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, आणि ऱ्हस्वदीर्घाचं तर विचारूच नको. चौथीनंतर पाटी ठेवली ती ठेवलीच. तू दहावी झालीस, तू हसशील. हस, पण एकटी असताना हस. माझी पोरगी वैष्णवी म्हणत होती, मी तपासून देते. मी दिलं नाही. चुका राहू देत, पण हे तिच्या हातात जायला नको.

परवा फोनवर तू विचारलंस, "अक्का, घर सोडल्यावर कसं वाटतं गं?" तू आणि दाजीबा पिंगळी सोडून पुण्याला निघालात. तिथे एका वसतिगृहात तुला स्वयंपाकाचं काम मिळालंय. मी "बरं वाटतं" म्हणाले आणि फोन ठेवला. बोलायला लागले की माझ्या घशात गाठ येते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून लिहायला बसले. पाठवीन, नाहीतर ट्रंकेत ठेवीन.

मी पेडगाव सोडलं तो दिवस तुला कधी सांगितला नाही. वैष्णवीचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. वैष्णवी बारावी झाली होती, तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि बालाजीभाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, मानवतचं एक स्थळ आणलं होतं. स्थळ चांगलं होतं. भाऊजी वाईट माणूस नाहीत, हे आधीच लिहून ठेवते. त्यांनी मला कधी वावगं बोलून दाखवलं नाही. पण त्या घरात मी काय मागायचं आणि काय नाही, हे मला कुणी न सांगता कळत होतं. मी स्थळाला नाही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाले, तेही इतक्या हळू की जावेला दोनदा विचारावं लागलं.

सकाळच्या गाडीला आम्ही निघालो. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, भाकरी बांधून दिल्या आणि हापशापर्यंत चालत आल्या. पुढे आल्या नाहीत. भाऊजींनी मोटारसायकलवर ट्रंक आणली, डब्यात चढवून दिली, बाकाखाली सरकवून दिली. राग आणि मदत त्यांच्याकडे एकाच वेळी असते. गाडी हलली तसे खिडकीच्या गजाला हात लावून म्हणाले, "दार कदी बी उघडंच हाय, वैनी. पर आपलं नाव गावात निघंल असं कायी करू नका."

बाक गरम व्हायच्या आत परभणी आली. तुला हसू येईल. लोक म्हणतात, "परभणी काय परदेश हाय का?" नाही, परदेश नाही. परभणीच्या फलाटावर उभं राहिलं की एकीकडची गाडी पिंगळीला जाते, आपल्या मायकडे, आणि दुसरीकडची पेडगावला, सासरी. दोन्हीकडे तासाच्या आत पोचता येतं. म्हणूनच कुठेच जाता येत नाही. लांब गेलेल्या माणसाला विसरता येतं आणि लोकांनाही त्याचा विसर पडतो. मी भाजी घ्यायला बाहेर पडले तरी पेडगावचं किंवा पिंगळीचं कुणीतरी दिसतंच. "काय वैनी, कुठं असता?" आणि संध्याकाळपर्यंत माझ्या पिशवीत काय होतं ते दोन्ही गावांना कळतं.

आम्ही एका गल्लीत खोली घेतली. एक खोली, एक खिडकी, आणि आतून लागणारी कडी. कडीचं मी पुढे सांगते.

काम मिळालं ते वसमत रस्त्यावर, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जागेचं नाव इंग्रजी आहे, मी 'हॉल' म्हणते. तिथे ज्यांच्या कंपन्या पुण्याला, हैदराबादला, काही तर पार अमेरिकेला आहेत, पण ज्यांची घरं परभणीतच आहेत, अशी पोरं महिन्याच्या भाड्याने खुर्ची घेऊन बसतात. त्याला को-वर्किंग म्हणतात. एकाचं काम दुसऱ्याला माहीत नसतं, पण बसणं एकत्र. माझं काम हॉल उघडायचा, झाडायचा, चहा करायचा, कप धुवायचे.

हॉल ऋतुजा मॅडमनी काढलाय. पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून परत आल्या. वयाने माझ्याहून लहान. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ताई, मॅडम नाही म्हणायचं. नुसतं ऋतुजा. इथे सगळं खुलं असतं." मला ते जमलं नाही. मग मी त्यांना काहीच म्हणत नाही, जवळ जाऊन उभी राहते.

खुलं म्हणजे खरंच खुलं होतं, मंदा. भिंती नाहीत. बैठकीची एक खोली आहे तीही काचेची. ऋतुजा मॅडमचं टेबल सगळ्यांच्या मध्ये. कुणाला काय येतं, कुणाला काय अडलंय, हे एका फळ्यावर लिहायचं, आणि ज्याला येतं त्याने उठून मदत करायची. वायफायचा पासवर्ड भिंतीवर. चहाचे पैसे कुणी मागायचे नाहीत, पॅन्ट्रीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवलाय, बिनझाकणाचा. चहा घ्यायचा आणि दहा रुपये आपणहून टाकायचे. त्याला विश्वासाचा डबा म्हणतात. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. महिन्याच्या शेवटी मॅडम मोजतात आणि किती निघाले ते फळ्यावर लिहितात.

खोटं कशाला बोलू, मला त्या खुलेपणाने पुष्कळ दिलं. पेडगावात नवरा गेल्यावर मी हळदीकुंकवाच्या वेळी आपणहून मागच्या दाराने बाहेर जायची. इथे संक्रांतीला मॅडमनी सगळ्या पोरींबरोबर मलाही बसवलं आणि कुंकू लावलं. मी मागे सरले, तर म्हणाल्या, "ताई, हलू नका, वाकडं लागेल." इतकंच. जशी काही अडचण फक्त वाकडं लागण्याची होती. त्या दिवशी मी घरी जाऊन आरशात किती वेळ बघत होते.

आणि फैजान. रेल्वेलाईनच्या पलीकडे राहणारा, दाढीवाला, दिवसभर कानात मोठे हेडफोन घालून संगणकाकडे बघणारा. तो मला खाला म्हणतो, म्हणजे मावशी. माझ्या डब्यातला ठेचा भाकरीला लावून खातो आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणतो, "खाला, मार डालोगे क्या आप?" आणि परत हात पुढे करतो. पेडगावात आमच्या घरी परक्यासाठी वेगळा कप होता. इथे कुणाचा कुठला कप हे मलाच माहीत नसतं, आणि धुते मी.

पण एक गोष्ट मला पहिल्या आठवड्यातच दिसली. त्या उघड्या हॉलमध्ये प्रत्येकाकडे आपलं एक दार होतं. ते हेडफोन. कानावर चढवले की कुणी हाक मारायची नाही. तो नियमच होता. हेडफोन नव्हते ते फक्त माझ्याकडे.

तुला आपल्या घरातली उतरंड आठवते का? आपल्या माळवदाच्या घराचं दार दिवसा कधी लागायचं नाही. चुकून लोटलं तरी शेजारची गंगामावशी यायची, "का गं, बरं न्हाई का कुणाला?" येणारा जाणारा सरळ चुलीपर्यंत. बापाचे मित्र, मागायला आलेले, कोंबड्या, सगळे. पण कोपऱ्यात मायची उतरंड होती. एकावर एक रचलेली मडकी. त्यातलं सगळ्यात खालचं मायचं. त्यात काय आहे हे बापानेसुद्धा कधी बघितलं नाही. वरची मडकी उतरवल्याशिवाय त्याला हात लागत नव्हता, आणि ती उतरवण्याचा विचार कुणाच्या मनात येत नव्हता. इतकं उघडं घर, आणि त्यात एक मडकं बंद. माय म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मी तेव्हा समजायचे, मायच्या मडक्यात सव्वा लाख आहेत.

हॉलमध्ये दर सोमवारी सगळे गोल बसायचे. त्याला उघडी बैठक म्हणतात. प्रत्येकाने मनातलं सांगायचं. काय चांगलं झालं, काय अडलंय. लहानमोठं कुणी नाही, म्हणून मीही बसायचं, तेही खुर्चीवर. माझी पाळी आली की मी कपाकडे बघायची. मग सगळे टाळ्या वाजवायचे. गप्प बसल्याबद्दल टाळ्या! मला वाटायचं, खुर्चीसकट खाली जावं. मॅडम मायेनेच म्हणायच्या, "घाई नाही ताई. तुम्ही उघडाल तेव्हा उघडाल." मंदा, मी काय शेंग आहे का?

वैष्णवीच्या पहिल्या वर्षाची फी मी पाटल्या मोडून भरली होती. दुसऱ्या वर्षाची वेळ आली तेव्हा काही उरलं नव्हतं. मायला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही. मी ठरवलं होतं की ऋतुजा मॅडमना एकटं गाठून पगारातून उचल मागायची. एकटं गाठायला त्या हॉलमध्ये जागा नव्हती. काचेच्या खोलीत गेलं तरी सगळे बघतात. मी तीन दिवस त्यांच्या टेबलाजवळ कप घेऊन उभी राहिले आणि परत गेले. सोमवारी बैठकीत त्यांनी माझे डोळे बघितले. "ताई, रडलाय तुम्ही? सांगा ना. आपलीच माणसं आहेत." सगळे माझ्याकडे वळले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वैष्णवीची फी."

बस. एवढेच दोन शब्द बोलले मी.

दुपारी मी कप घेऊन बाहेर आले, तर फळ्यावर माझा फोटो. चहा गाळतानाचा, कधी काढला कोण जाणे. खाली लिहिलं होतं, 'आपल्या रेणुकाताईंसाठी'. आणि त्याखाली एका पोरीने खडूने सुंदर मडकं काढलं होतं. पैसे येतील तसा त्यात रंग भरायचा. बुडापासून रंग वर चढत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. दोन दिवसांत मडकं भरलं. फी भरली गेली. वैष्णवी माझ्या गळ्यात पडून रडली. मी पण रडले, पण आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी रडत नव्हतो.

त्यांचं काही चुकलं असं मी म्हणू शकत नाही. कोण कुणासाठी एवढं करतं? पण त्या दिवसापासून मी चहा दिला की घेणारा माझ्याकडे वेगळं बघायचा. प्रेमानेच बघायचा. "वैष्णवी कशी आहे, ताई? अभ्यास करतेय ना?" प्रत्येकाला विचारायचा हक्क होता, प्रत्येकाचा थोडा थोडा रंग त्या मडक्यात होता. मी नवी चप्पल घेतली तर दोन दिवस पिशवीतच ठेवली. वाटलं, बघतील. कुणी काही म्हणालं नसतं. पण मडकं वरून उतरलं होतं, मंदा, सगळ्यात खालचं, आणि भिंतीवर टांगलेलं होतं.

आणि मॅडमनी तो फोटो मोबाईलवर टाकला. चांगल्या मनाने, लोकांना कळावं म्हणून. परभणीत टाकलेला फोटो पेडगावला पोचायला गाडीसुद्धा लागत नाही.

भाऊजी चौथ्या दिवशी आले. जिन्याखाली चपला काढून वर आले. तिथे कुणी चपला काढत नाही. पांढरी टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले. दाराला काच असल्यामुळे ते आत यायच्या आधीच मला दिसले आणि मी हातातला कप खाली ठेवला. मॅडम लगेच उठल्या. "या काका, या ना, बसा. आमच्याकडे सगळं खुलं आहे." भाऊजी माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे आहेत. काका म्हटल्यावर त्यांनी एकदा टोपीकडे बघितलं.

ते बसले नाहीत. खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. आवाज चढवला नाही. तसे ते संस्कारी आहेत. "वैनी, आमी मेलो हुतो का?"

मी मोबाईलवर माझाच फोटो बघितला.

"माय दोन दिस जेवली न्हाई. गंगाखेडच्या पाव्हण्यानं तिला फोटू दाखवला. म्हंला, तुमच्या सुनेसाठी परभणीत वर्गणी चालू हाय."

हॉलमधले सगळे बघत होते. काहींनी हेडफोन काढले होते. मी तरी बोलले. "उसने घेतलेत, भाऊजी. फेडणार हाय मी."

मॅडम मध्ये पडल्या. मला वाचवायलाच. "अहो नाही नाही ताई, परत कशाला? काका, ही मदत आहे. आपल्यात परत द्यायचं नसतं."

भाऊजींनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमी म्हंता उसने. ह्या म्हंत्यात फुकट." टोपी घातली. "फिटले की सांगा. न्हाई फिटले तर ट्रंक न्यायला मी येतो. पोरीला वर्गणीवर शिकवायचं असंल तर त्यापरीस पेडगावात घरी बसलेलं बरं."

ते गेल्यावर सगळे माझ्याभोवती आले. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवर हात ठेवला. एक जण म्हणाला, "किती मागासलेले विचार!" मला ते आवडलं नाही. ते विचार माझेही होते.

त्या दिवसापासून माझ्यापुढे एकच गोष्ट उरली. पैसे फिटले तर मी इथे राहू शकत होते आणि वैष्णवी शिकू शकत होती. न फिटले तर भाऊजी खरंच आले असते, आणि मी ट्रंक उचलून त्यांच्या मागे गेले असते. नाही म्हणायचं माझं बळ एकदाच वापरून झालं होतं.

मी सकाळी लवकर उठून भाकऱ्यांचे डबे सुरू केले. आमच्या गल्लीत नोकरीला आलेली पोरं राहतात, त्यांना ज्वारीची भाकरी आणि ठेचा. पैसे यायला लागले. पण फेडायचे कुणाला? पहिल्या महिन्यात नोटांची घडी करून मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती माझ्या हातात परत कोंबली, डोळ्यांत पाणी आणून. "ताई, तुम्ही असं केलंत तर आम्हाला परकं केल्यासारखं होईल." फैजानला दिले, तर त्याने दोन्ही हात वर केले. "तोबा, खाला! मैं नै लेता." ज्या पोरीने मडकं काढलं होतं तिने मिठी मारली. मिठीतून पैसे फिटत नाहीत.

म्हणजे बघ कसं झालं. मला आत यायला सगळी दारं उघडी होती. बाहेर पडायला एकही नव्हतं.

मग एका सकाळी पॅन्ट्री पुसताना तो बिनझाकणाचा डबा हातात आला. त्यातले पैसे कुणाचे? सगळ्यांचे. माझी फी कुणी भरली? सगळ्यांनी. त्यात कुणी किती टाकले हे कुणी बघत नाही, असं त्यांनीच ठरवलंय. मी पदराच्या गाठीतून पाचशेची नोट काढली आणि आत टाकली. जन्मात एवढं हलकं वाटलं नव्हतं.

दुपारी गोंधळ झाला. "पाचशे कुणाचे पडले?" मॅडमनी नोटेचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. कुणीच माझे म्हणेना. मग ती नोट फळ्यावर टाचणी लावून ठेवली, 'मालकाची वाट बघत आहे' असं लिहून. आठवडाभर माझी नोट माझ्याच फोटोशेजारी टांगलेली होती. सोमवारच्या बैठकीत सगळ्यांनी स्वतःलाच टाळ्या वाजवल्या, की बघा, आठवडा झाला तरी कुणी खोटा हक्क सांगितला नाही.

शेवटी ती डब्यातच गेली. पण मला समजलं की इथेसुद्धा झाकून ठेवायचं तर हलक्या हाताने ठेवावं लागतं. मग मी भाजीबाजारात नोटा मोडून दहा-वीसचे सुट्टे करायला लागले. सकाळी हॉल मीच उघडते. झाडून झालं की थोडे थोडे टाकायचे. हिशोब वहीत लिहिला नाही. मायने मागे आपल्या चिंचेचे चिंचोके दिले होते, वैष्णवीला खेळायला म्हणून. ते एका डब्यात ठेवले, एकेक चिंचोका म्हणजे एवढे पैसे असं मनाशी धरून. टाकून आले की एक चिंचोका दुसऱ्या डब्यात. वैष्णवी विचारायची, "माय, तू एकटीच खेळायलीस का?" मी म्हणायची, हो.

डबा भरायला लागला. महिन्याच्या शेवटी मॅडम मोजायच्या आणि त्यांचा विश्वास बसायचा नाही. चहा गेला त्याच्या दुप्पट पैसे. बैठकीत त्या उभ्या राहून म्हणाल्या, "बघा, माणसांवर खुला विश्वास टाकला की माणसं जास्तच देतात. कमी देत नाहीत." बाहेरगावच्या कुणाशी तरी फोनवर बोलतानाही हेच सांगत होत्या. मी गाळणी धुत होते. वाटलं, सांगावं का? पण मग ते पैसेही परत माझ्या हातात आले असते. आणि त्या म्हणत होत्या ते अगदीच खोटंही नव्हतं. कुणी तरी देत होतंच.

त्या पैशातून उन्हाळ्यात नवा कूलर आला. परभणीचा उन्हाळा तुला सांगायला नको. दुपारी तो कूलर सुरू झाला की सगळे म्हणायचे, आहाहा. मी पॅन्ट्रीच्या दारात उभी राहायची. माझ्या देण्याचा गार वारा माझ्या तोंडावर यायचा.

फैजान गंमत करायचा, "खाला, ये डब्बे में जिन है क्या? पैसे अपने आप बढ़रे." मी हसायची. मग एका सकाळी तो लवकर आला. त्याची कुठल्या तरी परदेशातल्या माणसाशी बैठक होती. मी पाठमोरी होते, पदराची गाठ सोडून सुट्टे डब्यात टाकत होते. वळले तर तो दारात. त्याने डब्याकडे बघितलं, माझ्या पदराकडे बघितलं. माझा जीव गेला. वाटलं, आता सोमवारी टाळ्या.

त्याने गळ्यातले हेडफोन उचलून कानावर चढवले, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. संगणकसुद्धा सुरू नव्हता.

मंदा, त्या हॉलमध्ये इतके महिने काढल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की माझी उतरंड बघूनही कुणीतरी तिला हात लावला नाही. बापाने मायचं मडकं कधी उचललं नाही, तसंच. त्यानंतर त्याने जिनची गंमत कधी केली नाही. चहा नेताना एवढंच म्हणायचा, "अद्रक ज्यादा डालो, खाला."

मी त्या लोकांना वाईट म्हणू नये असं मला फार वाटतं. त्यांना खरंच वाटतं की सगळं उघडं असलं की कुणी कुणावर वरचढ होत नाही. पण उघडं ठेवायला ज्याच्याकडे पुष्कळ आहे त्याला ते सोपं जातं. माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, माझी लाज आणि माझी गरज. त्याही फळ्यावर गेल्या तर मी घरी काय घेऊन जायचं? तू पुण्याला जाशील तेव्हा लोक तुला आपलं म्हणतील. म्हणू दे, तूही म्हण. पण एक मडकं खाली ठेव. कुणी मायेने जरी विचारलं तरी वरची उतरवू नकोस.

आता कडीचं सांगते. आमच्या खोलीला आतून कडी आहे. पहिले काही दिवस मी दिवसा ती लावायचीच नाही. वाटायचं, कुणी विचारेल, बरं नाही का. आता हॉलमधून आले की दार लावते, कडी घालते आणि नुसती बसते. वैष्णवी अभ्यास करते. कुणी येत नाही, कुणी विचारत नाही. पेडगावचं उघडं दार अजून उघडंच आहे, पिंगळीचंही आहे, आणि मी दोन्हीकडे जाईन. पण घर म्हटलं की आता मला ही कडी आठवते. कधी कधी ती लावल्यावर जीव घुसमटतो, हेही खरं. बंद खोलीत बसून मायचं उघडं दार आठवतं. दोन्ही एकदम मिळत नाही, एवढं कळलंय.

काल पहिल्या डब्यात एकच चिंचोका होता. सकाळी हॉल उघडला, झाडला, शेवटचे सुट्टे बिनझाकणाच्या डब्यात टाकले. मग लोक यायची वाट बघितली. मुद्दाम. सगळे आले, बसले, हेडफोन चढले. मी भर हॉलमधून चालत फळ्यापाशी गेले. मडकं कधीच पुसलं होतं, पण फोटो तिथेच होता, कडा पिवळ्या पडलेला. मी त्याच्या टाचण्या काढल्या, फोटोची घडी घातली आणि कमरेला खोचली. काचेच्या हॉलमध्ये, भर दिवसा, सगळ्यांसमोर. कुणीही मान वर केली नाही.

संध्याकाळी खोलीवर आले. शेवटचा चिंचोका दुसऱ्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. दाराची कडी घातली. मग पेडगावला फोन लावला. भाऊजींनी उचलला. मागे आत्याबाई कुणाचा फोन आहे म्हणून विचारत होत्या. घशात गाठ आली नाही.

"भाऊजी," मी म्हणाले, "फिटले. सगळे."